दुखते कुठे, हे न सांगणारे रुग्ण
स्वमग्न व्यक्तींचे दंतोपचार : महासाथीने उघड केलेली एक जुनी उणीव

धाराशिव, प्रतिनिधी : दाढ दुखू लागली की माणूस गालाला हात लावतो, बोटाने जागा दाखवतो, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही म्हणून तक्रार करतो. स्वमग्न व्यक्तीच्या बाबतीत यांपैकी काही घडेलच, याची शाश्वती नसते. ती कपाळ भिंतीवर आपटते, स्वतःच्या मनगटाला चावते, रोजचा आवडीचा वरणभात दूर सारते, किंवा एरवी चंचल असणारे मूल दोन दिवस कोपऱ्यात गप्प बसून राहते. घरच्यांना वाटते, स्वभाव पुन्हा बिघडला. डॉक्टरांनाही पुष्कळदा तसेच वाटते. किडलेली दाढ मात्र आपले काम करीतच असते.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत, करोनाच्या साथीने देशभरातील दंतचिकित्सा जवळपास ठप्प झाली तेव्हा, या न सांगता येणाऱ्या दुखण्याचा प्रश्न सर्वांत बिकट झाला. धाराशिवसारख्या (त्या वेळचा उस्मानाबाद) जिल्ह्यात तर त्याला भूगोलाचीही जोड मिळाली. साथ ओसरली, मुखपट्ट्या उतरल्या. प्रश्नाचा बराचसा भाग अद्याप जागच्या जागी आहे. म्हणूनच त्या काळात नेमके काय झाले आणि त्यातून कोणते मार्ग हाती लागले, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

आकड्यांत न सापडणारी माणसे

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ५७ हजार ५७६ होती. त्या जनगणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार विचारले गेले. त्यांत स्वमग्नतेचा रकाना नव्हता. त्यामुळे तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी आणि धाराशिव या आठ तालुक्यांत मिळून स्वमग्न व्यक्ती किती, हे जनगणनेवरून सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. हेच प्रमाण जिल्ह्याला लावले, तर ढोबळमानाने तेरा हजारांच्या आसपास आकडा येतो. हा केवळ गणिती अंदाज झाला; परंतु 'आपल्याकडे अशी मुले फारशी नसतात' हा समज किती पोकळ आहे, हे कळण्यास तेवढा पुरेसा आहे.

कायद्याने मात्र या व्यक्तींना ओळखले आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांतही तिचा समावेश आहे. हा अधिनियम एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या २५ व्या कलमात दिव्यांगांना उपचारात प्राधान्य, सरकारी आणि खासगी रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेश आणि विशेषतः ग्रामीण भागात घराजवळ आरोग्यसेवा देण्याची तरतूद आहे. दंतवैद्याच्या दवाखान्यातील अडथळा म्हणजे केवळ जिना नव्हे, हे अद्याप फारसे कुणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

खुर्चीची भीती

स्वमग्न व्यक्तीचे दात जन्मतः वेगळे असतात असे नाही. फरक पडतो तो रोजच्या जगण्यात. अनेकांना ब्रशचे केस हिरडीला लागणे सहन होत नाही. टूथपेस्टचा पुदिन्याचा झोंबरा स्वाद असह्य वाटतो. खाण्याच्या आवडीनिवडी अतिशय ठाम असतात. चहात बुडवलेले बिस्कीट, साखर घातलेले दूध, मऊ भात असे दोन-चारच पदार्थ वर्षानुवर्षे चालतात. काही मुले घास न गिळता गालात धरून ठेवतात. शिकवताना बक्षीस म्हणून हाती चॉकलेट ठेवण्याची सवय पालकांना आणि काही वेळा शिक्षकांनाही असते. फिट्सच्या किंवा वर्तनावरील औषधांपैकी काहींमुळे तोंड कोरडे पडते. फेनिटॉइनसारख्या औषधाने हिरड्या सुजून दातांवर चढतात. गोड पातळ औषधे रात्री झोपताना दिली जातात. दात कराकरा खाण्याची सवयही पुष्कळांना असते.

याउपर दवाखान्याची खुर्ची. डोळ्यांवर प्रखर दिवा, एअरोटरची कर्कश शीळ, लवंगतेलाचा उग्र वास, रबरी हातमोज्यांची चव, आणि आपण होऊन मागे मागे झुकत जाणारी खुर्ची. आपल्याला हे सारे अप्रिय वाटते, एवढेच. ज्याच्या मेंदूला आवाज, प्रकाश आणि स्पर्श यांची तीव्रता कितीतरी अधिक जाणवते, त्याला हा चहूबाजूंनी झालेला हल्ला वाटतो. त्यावर तो हातपाय झाडतो, ओरडतो, पळू पाहतो. मग 'मूल सहकार्य करीत नाही' असा शेरा पडतो. सहकार्य कुणी कुणाशी करावयाचे, हा प्रश्न त्या शेऱ्यात गाळलेला असतो.

हिरवा जिल्हा, लाल शेजार

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि दंतवैद्यांवर एक विशेष संकट ओढवले. दात कोरणारे यंत्र मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेते. ते तापू नये म्हणून त्यातून पाण्याचा फवारा सुटतो. हा फवारा रुग्णाच्या लाळेत मिसळून त्याचे सूक्ष्म तुषार खोलीभर पसरतात आणि बराच काळ हवेत तरंगत राहतात. दात साफ करणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्राचेही तसेच. श्वासावाटे पसरणाऱ्या विषाणूच्या काळात याहून धोक्याचा व्यवसाय शोधावाच लागला असता. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १९ मे २०२० रोजी दंतवैद्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रतिबंधित क्षेत्रातील दवाखाने बंद ठेवावेत, रुग्णांना दूरध्वनीवरून सल्ला द्यावा. लाल क्षेत्रात फक्त तातडीचे उपचार करावेत. नारिंगी आणि हिरव्या क्षेत्रांत सल्ला द्यावा, परंतु प्रत्यक्ष उपचार तातडीच्या रुग्णांपुरतेच ठेवावेत. नेहमीचे सर्व उपचार पुढे ढकलावेत, असा त्यांचा आशय होता. ऑगस्ट २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही, समूह संसर्ग असलेल्या भागांत अत्यावश्यक नसलेले दंतोपचार लांबणीवर टाकावेत, असा सल्ला दिला.

एप्रिल २०२० च्या अखेरीस केंद्राने जिल्ह्यांची जी रंगवार यादी केली, तीत राज्यातील केवळ सहा जिल्हे हिरवे होते. उस्मानाबाद त्यांपैकी एक. ही बाब अभिमानाची होतीच. तथापि नकाशा दंतरोग्याच्या नजरेने पाहिला, तर चित्र निराळे दिसते. जिल्ह्यातील दंतरुग्णांना जवळची दंत महाविद्यालये म्हणजे लातूर आणि सोलापूर येथील. लातूर साधारण ७५ किलोमीटर, सोलापूर त्याहून थोडे अलीकडे. शासकीय दंत महाविद्यालय हवे असेल तर औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, अडीचशे किलोमीटरच्या घरात. त्या यादीत लातूर नारिंगी होते. सोलापूर आणि औरंगाबाद दोन्ही लाल. परंडा-भूमकडील माणूस एरवी दवाखान्यासाठी सहज बार्शी गाठतो. तीही सोलापूर जिल्ह्यात. जिल्ह्याची हद्द ओलांडण्यास ई-पास लागत होता. आंतरजिल्हा एसटी सुरू झाली ती २० ऑगस्ट २०२० रोजी, आणि ई-पासची अट उठली ती सप्टेंबरच्या आरंभी. बालदंतरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघेही एका छताखाली मिळण्याचे ठिकाण अशा रीतीने पाच महिने हद्दीपलीकडे राहिले. पुढे जिल्ह्यातही रुग्ण वाढले आणि हिरवा रंग इतिहासजमा झाला, हे वेगळे सांगावयास नको.

'तातडी' कोणी ठरवायची?

या साऱ्या नियमांचा गाभा एका शब्दात होता : तातडी. असह्य वेदना, चेहऱ्यावर सूज, न थांबणारा रक्तस्राव, अपघात, अशा रुग्णास तातडीचा म्हणावे, बाकीच्यांनी थांबावे. नियम तर्कशुद्ध होता. साथीच्या ऐन भरात दुसरे काही करणेही कठीण होते. मात्र तातडी ठरवली जात होती फोनवर, रुग्णाला प्रश्न विचारून. किती दुखते? कधीपासून? थंड लागले की कळ येते का? गोळीने थांबते का?

ज्याला बोलता येत नाही, किंवा बोलता येऊनही वेदनेचे वर्णन करता येत नाही, त्याची या चाळणीत गाठ पडते ती अडचणीशीच. आईने सांगावे, 'हल्ली फार चिडचिड करतो, डोके आपटतो,' आणि पलीकडून उत्तर यावे, 'टाळेबंदीमुळे होत असेल, दिनक्रम बिघडला ना.' हे उत्तर चुकीचे असेलच असे नाही. शाळा बंद, उपचारवर्ग बंद, फिरणे बंद, अशा दिवसांत स्वमग्न मुलांची अस्वस्थता खरोखरच वाढली होती. फ्रान्स आणि ब्रिटन या देशांनी तर एप्रिल २०२० मध्येच स्वमग्न व्यक्तींना घराबाहेर पडण्याच्या निर्बंधांतून सवलत दिली होती, ती याच कारणाने. परंतु प्रत्येक बदलाचे खापर स्वमग्नतेवर फोडले की त्याआडचा शारीरिक आजार दिसेनासा होतो. वैद्यकशास्त्रात ही चूक जुनी आणि परिचित आहे. साथीने तिला फक्त एक नवे, सोयीचे कारण पुरवले.

म्हणूनच तज्ज्ञ आता वेगळे प्रश्न विचारण्याचा आग्रह धरतात. झोपेत अचानक बदल झाला का? एकाच बाजूने चावतो का? गार पाणी नाकारू लागला का? लाळ वाढली का? तोंडात सतत बोट घालतो का? ब्रश एका विशिष्ट जागी पोचताच हात झटकतो का? यांतील दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर तोंड तपासलेच पाहिजे. मोबाइलच्या प्रकाशात ओठ बाजूला सारून काढलेले एक छायाचित्रही अशा वेळी मोठे काम करते. हिरडीवर पुटकुळीसारखा फोड दिसला, तर आत पू झालेला असतो. मग दुखते की नाही, हे कुणी सांगण्याची वाट पाहण्याचे कारण उरत नाही.

चेहरा हरवलेला डॉक्टर

दवाखान्यापर्यंत पोचणाऱ्यांपुढे निराळीच परीक्षा होती. दारातच कपाळावर रोखलेले तापमापक, हातावर सॅनिटायझरचा गार, उग्र फवारा. सोबत एकच पालक. आणि आत नखशिखान्त पांढऱ्या पोशाखातील, मुखपट्टी, चष्मा आणि पारदर्शक ढाल लावलेली आकृती. ओळखीचे डॉक्टर असले तरी ओळखणार कसे? अनेक वर्षांच्या प्रयत्नांनी जुळलेला विश्वास त्या पोशाखाआड गडप झाला. उपचारापूर्वी जंतुनाशक द्रवाने चूळ भरण्याची सूचना होती. ज्यांना चूळ भरणेच जमत नाही, त्यांचे तोंड कापसाच्या बोळ्याने पुसून घ्यावे लागे.

सर्वांत कठीण अवस्था होती ती पूर्ण भूल देऊनच उपचार शक्य असणाऱ्यांची. तीव्र स्वमग्नता असलेल्या काही व्यक्तींचे सर्व किडलेले दात एकाच वेळी, शस्त्रक्रियागृहात, बेशुद्धावस्थेत दुरुस्त करावे लागतात. त्यासाठी आधी करोनाची चाचणी, म्हणजे नाकात खोलवर काडी. ब्रश सहन न होणाऱ्या मुलाला ही काडी कशी सहन व्हावी? शिवाय भूलतज्ज्ञ अतिदक्षता कक्षांत गुंतलेले. एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत तर प्राणवायूच्या प्रत्येक नळकांड्याचा हिशेब होत होता. दातांची शस्त्रक्रिया त्या रांगेत कुठे उभी राहणार? मग उरत असे ते प्रतिजैविकांचा एक डोस, वेदनाशामक, आणि महिनाभराने पुन्हा तेच. प्रतिजैविकाने सूज उतरते, किडलेला दात बरा होत नाही.

यंत्राविना उपचार

तरीही या काळाने एक उपकारक गोष्ट केली. फवारा उडवणारे यंत्र टाळायचे म्हणून दंतवैद्य जुन्या, साध्या पद्धतींकडे वळले. आणि योगायोग असा की, आवाज नाही, कंप नाही, टोचणे नाही, अशा या पद्धती स्वमग्न रुग्णांना मुळातच अधिक मानवणाऱ्या आहेत.

त्यांतील पहिली सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या द्रावणाची. किडलेल्या जागी लहान ब्रशने थेंबभर द्रावण लावले की त्यातील चांदी जंतूंना मारते आणि फ्लोराइड दाताचा उरलेला भाग टणक करते. काम मिनिटभराचे. खोट एकच : कीड लागलेली जागा कायमची काळी पडते. समोरच्या दातांवरील काळा डाग पाहून नातेवाईक काय म्हणतील, ही धास्ती पालकांना वाटते, आणि तिला हसण्याचे कारण नाही. पूर्ण भूल टळणार असेल तर डाग पत्करायचा का, याचा निर्णय त्यांनाच करू द्यावा. मात्र आधी डाग पडलेल्या दाताचे छायाचित्र त्यांना दाखवावे. दात आतून मज्जेपर्यंत किडला असेल, तर या द्रावणाचा उपयोग नाही, हेही स्पष्ट सांगावे.

दुसरी पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यात टांझानियात आकाराला आली. वीज नसलेल्या खेड्यांत हाताच्या अवजारांनी कीड खरवडून त्या जागी ग्लास आयनोमर सिमेंट भरण्याची ही रीत आहे. भारनियमनाची सवय असलेल्या मराठवाड्याला तिचे महत्त्व समजावून देण्याची गरज नाही. तिसरी स्कॉटलंडमधील नोर्ना हॉल या दंतवैद्यांच्या नावाने ओळखली जाते. तीत दुधाची दाढ न कोरता तिच्यावर स्टीलची टोपी बसवून कीड आतच कोंडली जाते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड आणि ग्लास आयनोमर सिमेंट या दोहोंचा समावेश केला. म्हणजे ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात ही दोन्ही असण्यास तत्त्वतः कोणाची हरकत असू नये.

दवाखान्यांच्या कारभारातही काही चांगले बदल घडले. वेळ ठरवूनच यावयाचे, गर्दी नको, माहिती आधी फोनवर द्यायची, नंबर येईतो बाहेर गाडीत किंवा झाडाखाली थांबायचे, हे नियम साथीसाठी होते. पण गजबजलेल्या प्रतीक्षाखोलीत तासभर बसून दमून गेलेल्या मुलापेक्षा, रिकाम्या दवाखान्यात थेट आत गेलेले मूल शांत असते. साथ संपताच बहुतेक ठिकाणी पुन्हा बाकांवर दाटी झाली, ही खेदाची गोष्ट होय.

जिल्ह्यात आज काय आहे

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतील मुलांची तपासणी होते. त्याच्या यादीत दातांचे विकार आहेत आणि स्वमग्नताही आहे. संशयित मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, आणि त्या केंद्राच्या मंजूर चमूत दंतवैद्य असावा, अशी मूळ रचना आहे. म्हणजे मूल आणि दंतवैद्य यांची गाठ घालून देणारी व्यवस्था कागदावर तयार आहे. साथीत शाळा आणि अंगणवाड्याच बंद राहिल्याने या तपासणीचा पायाच निखळला. धाराशिव येथे २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह जिल्ह्याबाहेर शोधण्याची वेळ यापुढे कमी यावी. महिन्यातून एक दिवस विशेष रुग्णांच्या दंतोपचारासाठी राखून ठेवण्यास फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही; हवी ती दंत, भूल आणि बालरोग या तीन विभागांच्या वेळापत्रकांची सांगड.

प्रौढ स्वमग्न व्यक्तींचा प्रश्न याहून अवघड आहे. आपल्याकडे दंतशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणात विशेष गरजा असलेल्या रुग्णांसाठी स्वतंत्र शाखा नाही. लहान मुले बालदंतरोगतज्ज्ञांकडे जातात; तीच वयाने वाढली की कोणाकडे जावे, याला उत्तर नाही. पंचवीस वर्षांच्या धिप्पाड तरुणाला रंगीत चित्रे लावलेल्या बालविभागाच्या दारात उभे राहावे लागते.

खर्चाच्या बाजूने राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना उपयोगी आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या या संरक्षणात बाह्यरुग्ण उपचारांसोबत प्रतिबंधात्मक दंतोपचारांचाही समावेश आहे, ही गोष्ट अनेक लाभार्थ्यांना ठाऊकच नसते. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि ग्रामीण भागात गाडी बहुधा तेथेच अडते.

घरी करता येण्याजोगे

दवाखाना लांब असो वा जवळ, रोजचा ब्रश हाच खरा उपचार. मुलाच्या समोर उभे राहण्यापेक्षा मागे उभे राहून, त्याचे डोके आपल्या छातीला टेकवून, आरशात पाहत ब्रश करणे सोपे जाते. रोज तीच वेळ, तीच जागा, तोच क्रम ठेवावा; दहा आकडे मोजून एक बाजू संपवावी, म्हणजे हे केव्हा संपणार हे मुलाला कळते. पुदिन्याचा स्वाद नको असेल तर बिनस्वादाची किंवा सौम्य स्वादाची, पण फ्लोराइड असलेली पेस्ट घ्यावी. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी पुरते. फेस थुंकता न आल्यास उरलेली पेस्ट ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. बक्षीस चॉकलेटऐवजी आवडत्या वस्तूचे किंवा झोक्याचे असावे. दुखऱ्या हिरडीवर मिसरी, तपकीर किंवा गोळीची पूड दाबून धरू नये; त्याने हिरडी भाजते.

दंतवैद्याकडे पहिल्या भेटीत उपचाराची घाई नसावी. आधी घरीच त्या दवाखान्याची, खुर्चीची, मुखपट्टी घातलेल्या आणि मुखपट्टी काढलेल्या डॉक्टरांची छायाचित्रे क्रमाने दाखवावीत. पहिल्या दिवशी केवळ दार, दुसऱ्या दिवशी खुर्ची, तिसऱ्या दिवशी तोंडात आरसा, अशा पायऱ्यांनी गेलेली मुले पुष्कळदा भुलेविना उपचार करून घेतात. क्ष-किरण तपासणीच्या वेळचा जड पट्टा अंगावर ठेवला की काहींना त्या दाबाने शांत वाटते. वेळ घेताना दिवसातील पहिली मागावी, मूल स्वमग्न आहे हे फोनवरच सांगावे, कोणता आवाज किंवा स्पर्श त्याला सहन होत नाही ते कळवावे, आणि दिवा डोळ्यांवर न आणता हातातील लहान विजेरीने तपासता येईल का, हे विचारून ठेवावे.